बीपी नॉर्मल आलं म्हणून 'लॉल'वाली गोळी बंद करू नका

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला. थोडक्यात असा आहे: "ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'लॉल' येतं ती हृदयाला हळूहळू मारते. तिची सवय लागते. बीपी नॉर्मल झालं की त्याच दिवशी बंद करा, शरीर आपोआप सावरतं. परदेशात बंदी आहे. 2024 च्या संशोधनात सिद्ध झालंय की हार्ट अटॅकनंतर तिचा उपयोग नाही. पुरुषत्व जातं, डिप्रेशन येतं. त्यापेक्षा अर्जुनसाल आणि दुधीचा रस घ्या. दहा जणांना पाठवा."

मी फार्मसिस्ट आहे, तालुक्याच्या गावात मेडिकल चालवते आणि रोज ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल, प्रोप्रॅनोलॉल हातातून जातात. या सगळ्या 'लॉल'वाल्या गोळ्यांच्या गटाला बीटा ब्लॉकर म्हणतात. मी डॉक्टर नाही, कुणाची गोळी बदलणार नाही. पण या मेसेजमधली एक ओळ माणूस दवाखान्यात पोचवू शकते आणि ती मी डोळ्यांनी बघितलीये, म्हणून आधी तीच घेते.

"त्याच दिवशी बंद करा."

आमच्या गल्लीतले एक काका, एसटीतून रिटायर झालेले, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. गुरुवारी संध्याकाळी काउंटरवर आले आणि म्हणाले, "पोरी, ॲसिडिटीची गोळी दे गं एक, छातीत दाटल्यासारखं होतंय." चेहरा उतरलेला होता. मी मनगट धरलं तर नाडी 118, मशीन लावलं तर वरचा आकडा 180 च्या आसपास. म्हटलं काका, मेटोप्रोलॉल घेताय ना? त्यांनी शर्टाच्या खिशातून स्ट्रिप काढली, दहातल्या चार गेलेल्या, बाकी तशाच. "रविवारपासून बंद केली, बीपी 124 आलं होतं आणि तो मेसेज आला होता ना." ॲसिडिटीची गोळी मी दिली नाही, शेजारच्या पोराला सोबत देऊन रिक्षात बसवलं आणि ईसीजीला पाठवलं. अंजायना उठला होता, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखत होतं. दोन दिवस ठेवून घेतलं, गोळी परत सुरू केली, आता ठीक आहेत.

हे असं का होतं ते सांगते. ॲड्रेनॅलिन, म्हणजे ताणात-धावपळीत शरीरात सुटणारं रसायन, हृदयावरच्या ज्या ठरलेल्या जागांना (रिसेप्टरना) येऊन चिकटतं आणि ठोके वाढवतं, तिथे ही गोळी आधीच जाऊन बसते. महिनोन्‌महिने जागा अडलेली राहिली की शरीर जास्तीचे रिसेप्टर तयार करतं. मग एके दिवशी गोळी गेली की तेच ॲड्रेनॅलिन जास्तीच्या, मोकळ्या रिसेप्टरवर तुटून पडतं, ठोके आणि बीपी आधीपेक्षाही वर जातात, आणि ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत त्याला अंजायना किंवा थेट अटॅक येऊ शकतो. अमेरिकेत मेटोप्रोलॉल आणि ॲटेनोलॉलच्या माहितीपत्रकावर इशाराच छापलेला असतो की अचानक थांबवू नका. बंद करायचीच असेल तर डॉक्टर साधारण एक ते दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात, आणि त्या दिवसांत जास्त धावपळ करू नका असंही सांगतात. आणि बीपी 124 आलं ते गोळीमुळे आलं हो. छत्री धरलीये म्हणून डोकं कोरडं आहे, त्यावरून पाऊस थांबला असं कसं ठरवायचं?

"सवय लागते" हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. सवय म्हणजे नशा, तलफ, ती भागवायला डोस वाढवत न्यावा लागणं, तसलं या गोळीत काही नाही. शरीर तिच्याशी जुळवून घेतं म्हणून हळूहळू उतरवायची, इतकंच.

"हृदयाला मारते, कमजोर करते." ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. एके काळी डॉक्टरसुद्धा असंच मानायचे, हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडत असेल तर बीटा ब्लॉकर देऊच नये असा नियम होता, कारण आधीच दमलेलं हृदय आणखी मंद कशाला करायचं. 1975 मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या फिन वॉगस्टाइन आणि सहकाऱ्यांनी फक्त सात पेशंटवर उलटं करून बघितलं आणि ते सुधारले, पण बरीच वर्षं फार कुणी विश्वास ठेवला नाही. मग 1999 मध्ये सिबिस-2 नावाची ट्रायल छापून आली, 2647 पेशंट, हार्ट फेल्युअरवाले, अर्ध्यांना बिसोप्रोलॉल अर्ध्यांना औषध नसलेली नुसती खोटी गोळी. खोट्या गोळीच्या गटात 17.3 टक्के दगावले, बिसोप्रोलॉलच्या गटात 11.8 टक्के. त्याच वर्षी मेटोप्रोलॉलच्या लाँग ॲक्टिंग प्रकाराचंही तसंच निघालं. ज्या हृदयांना ही गोळी मारेल असं वाटत होतं तीच हृदयं तिने जास्त जगवली. फक्त हे थेंबाथेंबाने करायचं काम आहे, अगदी छोट्या डोसने सुरू करून दर काही आठवड्यांनी वाढवत न्यायचं, आणि पहिल्या काही दिवसांत थकवा येतो, चक्कर आल्यासारखं होतं, पाय गार पडतात. तो थकवा खरा आहे, पेशंटला "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावू नका. नाडी 50 च्या खाली जातेय, उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येतेय, पाय सुजतायत, धाप वाढतेय असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा.

"2024 च्या संशोधनात सिद्ध झालंय." यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. स्वीडनमध्ये मुख्यतः झालेली रिड्यूस-एएमआय नावाची ट्रायल 2024 मध्ये आली, 5020 पेशंट, पण कोणते? अटॅक येऊन गेलेले, अँजिओग्राफी झालेली आणि हृदयाचं पंपिंग, म्हणजे इकोच्या रिपोर्टवर ईएफ लिहिलेलं असतं ते, 50 टक्के किंवा जास्त असलेले. त्यांच्यात मृत्यू किंवा पुन्हा अटॅक गोळीवाल्यांमध्ये 7.9 टक्के आणि बिनगोळीवाल्यांमध्ये 8.3, म्हणजे फरक नाही असंच म्हणायचं. पण ही सगळी माणसं नव्याने अटॅक आलेली होती, गोळी सुरू करायची की नाही हा प्रश्न होता. चालू असलेली थांबवली तर काय, हे फ्रान्समधल्या ॲबिस ट्रायलने बघितलं, तीही 2024 चीच, सुमारे 3700 पेशंट. मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा हृदयासाठी ॲडमिट होणं यापैकी काही ना काही थांबवलेल्यांमध्ये 23.8 टक्के लोकांना झालं, चालू ठेवलेल्यांमध्ये 21.1, आणि फरक मुख्यतः हृदयाच्या कारणाने ॲडमिट व्हावं लागण्याचा होता. 2025 मध्ये स्पेन-इटलीच्या ट्रायलमध्ये ईएफ 40 च्या वर असलेल्यांना फायदा दिसला नाही, तर नॉर्वे-डेन्मार्कच्या ट्रायलमध्ये थोडा दिसला, म्हणजे नवे अटॅक कमी. डॉक्टर लोकांचा यावर वाद चालू आहे आणि तो चालायलाच हवा. तुमचं पंपिंग चांगलं असेल, अटॅकला वर्ष होऊन गेलं असेल, तर इकोचा रिपोर्ट घेऊन जा आणि विचारा "डॉक्टर, मला ही अजून लागते का?" हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे. ईएफ 40 च्या खाली असेल, ठोके अनियमित असतील, अंजायना असेल तर या ट्रायल तुमच्याबद्दल नाहीतच.

नुसतं बीपी असेल, हृदयाचं काही नसेल, तर आजकाल बरेच डॉक्टर पहिली गोळी म्हणून ही देत नाहीत, दुसऱ्या गटातल्या देतात, हे खरंय. पण वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही बदलताना अशीच उतरवत बदलतात.

"परदेशात बंदी." प्रॅक्टोलॉल नावाची एक गोळी होती, डोळ्यांना आणि पोटाच्या आतल्या आवरणाला इजा करायची म्हणून 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये मागे घेतली. पण ती म्हणजे या सगळ्या गोळ्या नव्हेत. बिसोप्रोलॉल जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यावर जास्त काय लिहायचं.

"पुरुषत्व जातं, डिप्रेशन येतं." लैंगिक तक्रारी काही जणांना होतात, पण 2003 मध्ये छापून आलेला इटलीतला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. 96 पुरुषांना ॲटेनोलॉल दिली, तीन गट करून. ज्यांना गोळीचं नावच सांगितलं नाही त्यांच्यात 3.1 टक्के लोकांनी तक्रार केली, ज्यांना नाव सांगितलं त्यांच्यात 15.6, आणि ज्यांना "याने असा त्रास होऊ शकतो" असंही सांगितलं त्यांच्यात 31.2 टक्के. गोळी तीच. म्हणजे हा मेसेज स्वतःच त्रास देतोय, कळतंय ना? डिप्रेशनचं म्हणाल तर 2021 मध्ये 50 हजारांहून जास्त पेशंटचा डेटा एकत्र करून बघितला, ते वाढलेलं दिसलं नाही, विचित्र स्वप्नं आणि झोपेच्या तक्रारी मात्र दिसल्या. झोप उडत असेल तर सांगा, दुसरी 'लॉल' देता येते, लाजून गप्प बसू नका आणि गुपचूप बंदही करू नका.

अर्जुनसालीला मी वाईट म्हणणार नाही, आमच्या घरातही काढा झालाय. पण गोळीच्या जागी नाही, आणि गोळीसोबत घेत असाल तर डॉक्टरला माहीत हवं. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका, कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत.

मेसेजने जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि ही गोळी मुलं तोंडी परीक्षेच्या आधी हात थरथरू नयेत म्हणून मित्राकडून मागून घेतात, कृपा करून असं करू नका. डायबेटिसवाल्यांनो, साखर एकदम उतरली की होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते, घाम मात्र येतो, म्हणून विनाकारण घाम फुटला की आधी साखर तपासा. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही बीपीची-हृदयाची दुसरी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ती आणि 'लॉल' मिळून ठोके फार खाली जाऊ शकतात. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा 'लॉल'च आहेत, डोळ्यातून रक्तात उतरतात. नावापुढे एक्सएल असलेली, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही, मध्ये रेघ असेल तरच तिथून अर्धी. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा, स्वतःहून बंद करू नका. एक डोस विसरला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

आणि एक, माझ्याकडे गोळी तुटते ती बहुतेक वेळा मेसेजमुळे नाहीच, संपते म्हणून तुटते. वारीला गेले, लेकीकडे पुण्याला गेले, लग्नाला चार दिवस म्हणून गेले ते आठ दिवस राहिले. येताना हातात कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा, नाव दुसऱ्या तुकड्यावर गेलेलं, "ती पांढरी छोटी गोळी द्या." पांढऱ्या छोट्या गोळ्या माझ्याकडे दीडशे आहेत. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, स्ट्रिप कापायची तर नाव आणि ताकद, म्हणजे 25 की 50, हे असलेली बाजू शेवटपर्यंत ठेवा, आणि गावाला जाताना आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या पिशवीत टाका.