आजारी माणसाला पाप शोधायला लावणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

प्रार्थनेच्या ग्रुपांमधून सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खऱ्या विश्वासणाऱ्यावर मोठं दुखणं आलं की तो देवाचा न्याय समजावा, मागे कबूल न केलेलं गुप्त पाप असणारच, ते सापडेपर्यंत औषधपाणी करणं म्हणजे देवाच्या छडीला आडवं जाणं, मुलांची दुखणी आईबापांच्या पापांमुळे येतात, आणि हा मेसेज पुढे न पाठवणाऱ्यालाही जाब द्यावा लागेल. प्रत्येक वाक्याखाली बायबलमधल्या वचनाचा संदर्भ दिलाय, त्यामुळे वाचणारा आधीच दबतो.

माझी मावशी दबली. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागतं. तिच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांनी काळजीपोटीच हा मेसेज तिला पाठवला. तिने वहीच्या मागच्या पानांवर पापांची यादी करायला घेतली. लहानपणी स्वतःची चूक बहिणीवर ढकलली होती, हे त्यात होतं. ‘आईच्या शेवटच्या दुखण्यात मी कंटाळले’ असंही एक वाक्य होतं, दोनदा गिरवलेलं. मग म्हणाली, या आठवड्यात डायलिसिस राहू दे, उपास-प्रार्थना करून बघते.

म्हणून औषधाच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण त्याने माणसं मरतील. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसांत उतरतं आणि श्वास लागतो. रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस बघता बघता जाऊ शकतो. मेसेज इथे आसा राजाचा दाखला देतो: पायांचा आजार झाला तेव्हा तो परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला. हे वचन आहे, बायबलमधल्या ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात. पण तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. आसाने मंदिराच्या भांडारातलं सोनं-रुपं काढून अरामाच्या राजाची मदत विकत घेतली. त्याबद्दल हनानी द्रष्टा त्याला तोंडावर बोलला, तर आसाने त्यालाच तुरुंगात टाकलं. देवाकडे पाठ फिरवलेल्या राजाची ती गोष्ट आहे. डायलिसिसच्या खुर्चीवर बसून स्तोत्रं म्हणणाऱ्या बाईला ती लागू करायची?

आणि हिज्कीया राजाचं काय? त्याची प्रार्थना ऐकून देवाने त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दुसरा सोबती त्रोफिम याला त्याने मिलेत शहरात आजारी सोडलं. दोघांपैकी कोणालाही त्याने गुप्त पाप शोधायला लावलं नाही. त्याच्यासोबत राहणारा लूक तर वैद्यच होता.

आता त्या ‘गुप्त पापा’कडे येते. यात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. देव आपल्या माणसांना शासन करतो, कधी फार कडक करतो. करिंथच्या मंडळीत काही जण दुबळे आणि आजारी झाले, कित्येक मेले, आणि हा प्रभूचा न्याय आहे असं पौलाने स्पष्ट लिहिलं. जगाबरोबर दंडाज्ञा होऊ नये म्हणून हे शासन, असंही तो सांगतो. हे मी झाकून ठेवणार नाही.

पण तिथलं पाप गुप्त होतं का? प्रभूच्या मेजाशी काही जण आधीच खाऊन-पिऊन तर्र होत होते आणि गरीब उपाशी राहत होते. सगळ्या मंडळीसमोर चाललं होतं ते. पौलाने त्याचं नाव घेऊन लिहिलं, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी म्हणाला, आणि अमका का आजारी पडला याचा निकाल त्याने कोणाच्याही हाती दिला नाही.

शास्त्रात पुन्हा पुन्हा हेच दिसतं. दावीद राजाचं मूल आजारी पडण्याआधी नाथान संदेष्टा दावीदासमोर उभा राहिला आणि ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणाला. हनन्या मरून पडण्याआधी प्रेषित पेत्राने त्याची लबाडी त्याला शब्दांत सांगितली. आखानाने लुटीतला माल चोरला तेव्हा पराभव आधी झाला खरा, पण पुढारी यहोशवा देवापुढे पालथा पडताच देवाने कारण सांगितलं. तीन वर्षं दुष्काळ पडला तेव्हा दावीदाने विचारलं, आणि आधीचा राजा शौल याने गिबोनी लोकांची केलेली कत्तल हे उत्तर मिळालं. कोणता बाप मुलाला मारून वर ‘कशासाठी मारलं ते तूच ओळख’ म्हणतो? पाप दाखवायचं असेल तर पवित्र आत्मा ते दाखवतो, आणि ज्याचं त्याला दाखवतो. वर्षानुवर्षं प्रार्थना करून, मन तपासून काही दिसत नसेल, तर केवळ दुखणं गेलं नाही म्हणून पाप उकरत बसणं हा पश्चात्ताप नव्हे. माणसाला भीतीत कोंडण्याचा तो प्रकार आहे.

मेसेजचा सगळा डोलारा बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायावर आहे: ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. पण ते पत्र ज्यांना लिहिलं त्यांची अवस्था दोनच अध्याय आधी दिली आहे. विश्वासापायी त्यांची निंदा झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती. ते हाल लेखक पित्याच्या शिस्तीत धरतो आणि टिकून राहा म्हणतो. कोणत्या पापामुळे लुटले गेलात ते शोधा, असं कुठेही म्हणत नाही. मेसेज ११व्या वचनावर थांबतो. १२ आणि १३ मध्ये आज्ञा आहे: गळालेले हात आणि लटपटते गुडघे सावरा, लंगडं पाऊल निखळू नये, उलट बरं व्हावं. ही आज्ञा मंडळीला आहे. मावशीच्या बाबतीत मंडळीने नेमकं उलट केलं.

मुलांच्या दुखण्याचा मुद्दा येशूने स्वतःच निकालात काढलाय. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, तेव्हा यानेही पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही, असं तो म्हणाला. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते इतरांहून पापी नव्हते असंही तोच म्हणाला. पश्चात्ताप त्याने ऐकणाऱ्या सगळ्यांकडून मागितला, धडधाकटांकडूनही. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या. त्यांच्या वहीत कोणतं पाप लिहायचं होतं?

मेसेज पुढे न पाठवल्यास जाब द्यावा लागेल, या धमकीला उत्तर द्यायची गरज नाही. ज्यांनी तो आजारी माणसाला पाठवला, त्यांनी मात्र दुःख भोगलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचा ४२वा अध्याय काढावा. दुःख आहे म्हणजे पाप असणारच, असं ईयोबाचा मित्र अलीफज आणि त्याचे दोघे मित्र ठासून सांगत होते. देवाचा कोप त्या तिघांवर झाला. सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, असं त्यांना सांगितलं गेलं. तुम्ही निदान एक फोन करा, माफी मागा, आणि पुढच्या डायलिसिसला मावशीबरोबर कोण जाणार ते विचारा.