नऊ प्रवासी, एक कंडक्टर

मी 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. यात्रेच्या दिवसांत 44 सीटच्या गाडीत नव्वद माणसं, वर एखादी कोंबडी, असा कारभार नुसत्या आवाजावर रेटलाय. त्यामुळे बायकोनं भाचीच्या साखरपुड्याला जाताना घरातलं पाळणाघर माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी म्हणालो, "नऊच तर आहेत! बिनघोर जा."

"अहो, ओरडायचं नाही हं," चप्पल घालता घालता ती म्हणाली. "आणि 'पळू नको' म्हणायचं नाही. त्यांना 'पळ' तेवढंच ऐकू येतं. 'हळू चाल' म्हणायचं." तिनं बालवाडीचा कोर्स केलाय. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पोरं येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, हे मला जेवणासोबत लोणच्यासारखं वाढलं जातं.

साडेदहाला चिनूनं मनीच्या दंडाला चावा घेतला. दातांचा छाप असा स्वच्छ, की माझ्या पंचानं तिकिटाला इतकं सुबक भोक कधी पाडलं नसेल. मी फोन लावला.

"आधी मनीला जवळ घ्या. मग चिनूसमोर खाली बसा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि सांगा, चावलं की दुखतं. गाडी हवी तर 'दे' म्हण. दोन वर्षांचा आहे तो, शब्द फुटले नाहीत म्हणून दात वापरतो."

खाली बसलो. उभ्यानं नोकरी केलेले गुडघे बसले ते बसलेच. सांगायला तोंड उघडेपर्यंत पाठीवर पाच जण चढले होते.

जेवताना बायकोचा दुसरा मंत्र काढला: हुकूम सोडायचा नाही, दोनातलं एक निवडायला द्यायचं.

"लाल वाटी की निळी?"

"पिवळी."

पिवळी वाटी आमच्या सात पिढ्यांत नाही. नऊही जणांना पिवळीच हवी झाली.

शेवटी माळ्यावरून जुना पंच काढला. कट-कट वाजवला आणि घरात चक्क शांतता. सतरंजीवर दोन-दोनच्या रांगा लागल्या, जुन्या वहीची तिकिटं फाटली, वरणभात 'महाबळेश्वर येईपर्यंत' संपला. चिनूला मी मदतनीस नेमला. त्यानं दिवसभर कुणालाही चावलं नाही. हात पंचात गुंतले होते.

संध्याकाळी त्याची आई न्यायला आली. तो दारात आडवा उभा राहिला, हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"सुट्टे दे!"