वेलिंग्टनचा कोन आणि सांगलीचा विदूषक

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. सांगलीतल्या कॉलेजच्या पोरांनी एकांकिकेत नांदीची टिंगल केली, सूत्रधाराला मोबाइलवर रील बघत बसवलं. गावभागातले काका भडकले. "मराठी नाटक जन्मलं त्या गावात हे? तुमच्या स्कॉटलंडात चालत असेल!"

चालतं खरं. ग्लासगोत मॉडर्न आर्ट गॅलरीसमोर वेलिंग्टनचा १८४४ चा अश्वारूढ पुतळा आहे. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांना हरवणारा ब्रिटिश सेनापती वेलस्ली तो हाच. त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी ट्रॅफिक कोन असतो. पालिकेनं काढला की रात्री कुणीतरी चढून पुन्हा घालतं. (असईचा हिशेब कुणी असा परस्पर चुकता करत असेल, तर आपली ना नाही.)

यावर पुण्याचा चुलतभाऊ लगेच परदेशी मोकळेपणाचे गोडवे गातो. त्यालाही पुढचं ठाऊक नाही. २०१३ मध्ये पालिकेनं कोन घालता येऊ नये म्हणून चौथरा उंच करायचं काढलं, ६५,००० पौंडांचा बेत. गाव खवळलं, हजारोंनी सह्या केल्या, बेत गुंडाळावा लागला. सरदाराला सोवळं नाही, पण कोनाला आहे! आणि जॉर्ज स्क्वेअरमधल्या युद्धस्मारकावर कोन ठेवायला गेलात तर हेच हसणारे लोक अंगावर येतील. तिथल्या मृतांचे फोटो अजून कुणाच्या तरी घरात भिंतीवर आहेत.

आता आपलं बघू. १८४३ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेच पहिलं मराठी नाटक मानतात. भाव्यांच्या खेळात गणपती-सरस्वती रंगमंचावर येत, पण त्याआधी विदूषक सूत्रधाराची फिरकी घेऊन जाई. राक्षस 'अलललडुर्र' करत धिंगाणा घालत. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला, मंडळी गावोगाव खेळ करत हिंडली. नट म्हणजे वाया गेलेला, त्याला मुलगी द्यायची नाही, ही समजूत पुढं कित्येक वर्षं टिकली. ज्यांना आपण ओसरीवर घेतलं नाही त्यांच्या तसबिरीला आज हार घालतो, आणि तो इतका जाड असतो तो त्यामुळेच, असं माझं मत. जुनी लाज झाकायला सोवळं फार उपयोगी पडतं. भक्तीला त्याची गरज नसते. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. खऱ्या पंढरीच्या विठोबाला जनाबाईनं शिव्या घातल्या, आणि ते अभंग कीर्तनात आजही रंगतात.

पोरांची एकांकिका चांगली होती का? रेकॉर्डिंग पाहिलं. निम्मी पोरकट. विदूषकाचं काम करणारी मुलगी मात्र अफलातून होती.

काका, ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भावे नाट्यमंदिरात भाव्यांच्या नावाचं पदक जरूर द्या. दुसऱ्या दिवशी तिथंच या पोरांचा प्रयोग लावा. तुमचं पहिल्या रांगेतलं तिकीट मी इथून काढतो. आवडलं नाही तर तिथंच ओरडा, पोरं उत्तर देतील.