डिप्रेशनच्या गोळ्या ‘आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘डिप्रेशनची गोळी घेणारा प्रत्येक पुरुष कायमचा नपुंसक होतो. कुठलंच सरकार हे कबूल करत नाही. आजच गोळी बंद करा, आठवड्यात शरीर शुद्ध, मग आमचं चूर्ण घ्या.’ गणपतीपासून हे देवगड-मालवणच्या ग्रुपांवर फिरतंय. परवा मावसभावाचा फोन आला, ‘दादा, लगीन तोंडार इला, गोळये बंद केलंय.’ एस्सिटॅलोप्रॅम ही त्याची डिप्रेशनची गोळी, एका रात्रीत, डॉक्टरांना न विचारता!

तेव्हा आधी ‘आजच बंद करा’. ही गोळी महिनोन्‌महिने घेऊन एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, उडालेली झोप, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. मूळ आजार उलटू शकतो, आत्महत्येचे विचारही परतू शकतात. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने. ‘मी सोडली, काही झालं नाही’ म्हणणारा फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळीवर असेल. ते शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे सोडताना त्रास कमी होतो. त्याच्यावरून, शरीरातून लवकर उतरणाऱ्या पॅरोक्सेटिनवाल्याने धडा घेऊ नये.

‘सरकार कबूल करत नाही’ हे धादांत खोटं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने जून २०१९मध्येच सांगितलं की या गोळ्यांच्या माहितीपत्रकात, लैंगिक तक्रारी गोळी थांबवल्यावरही टिकू शकतात, हे लिहा. म्हणजे मेसेजमध्ये खऱ्याचा अंश आहे, हे मला मान्य करावंच लागतं. कामेच्छा मरणं, जननेंद्रिय बधिर होणं, सुखाची जाणीवच न होणं, हे काहींच्या बाबतीत राहून जातं, बायकांच्याही. त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणाऱ्या डॉक्टरांचाही मला राग आहे.

पण ‘प्रत्येक’? गोळी चालू असताना इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर लागणं हे बऱ्याच जणांना होतं, पण बहुतेकांचं डोस किंवा औषध बदलल्यावर, नाहीतर गोळी थांबल्यावर सुधारतं. कायम राहणाऱ्यांचं नेमकं प्रमाण अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही. शिवाय इच्छा तर नुसतं डिप्रेशनही मारतं.

चूर्णात काय आहे ते मेसेजात कुठेच नाही, विकणाऱ्याचा नंबर मात्र आहे.

डॉक्टरांना सरळ विचारा: हा त्रास गोळीचा का, डोस कमी होईल का, ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन ही डिप्रेशनची दुसरी औषधं चालतील का? या दोन्हींत ही तक्रार कमी आढळते. आणि ओपीडीच्या गर्दीत बोलायला जीभ रेटत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.