एस्टिमेशनच्या पोरांना टायपिस्ट करू नका

एस्टिमेशनला, म्हणजे बांधकामाची मापं आणि खर्च काढणाऱ्या विभागात, नवीन लागलेल्या पोरापोरींना आपण पहिली दोन वर्षं टायपिस्ट करून ठेवतो. सिव्हिलची डिग्री घेतलेली मुलं एका स्क्रीनवर ड्रॉइंगची पीडीएफ आणि दुसरीवर एक्सेल उघडून बसतात आणि लांबी, रुंदी, उंची दिवसभर इकडून तिकडे उतरवत राहतात. पुण्यात मीही अशीच सुरुवात केली. आता पंधरा वर्षांनी माझं ठाम मत आहे की हे उतरवणं बंद झालं पाहिजे. त्यासाठी लागणारं बरंचसं सामान आपल्या टेबलावर आधीच आहे.

आमच्याकडे टेकऑफ (ड्रॉइंगवरून मापं काढणं) ब्लूबीम या पीडीएफच्या सॉफ्टवेअरवर होतो. पीडीएफमध्ये भिंतीवर रेघ ओढली की लांबी मिळते, खोलीच्या कडेने फिरलं की क्षेत्रफळ, दारं-खिडक्यांवर क्लिक करत गेलं की नग. इथपर्यंत बरेच जण येतात. आणि मग तो आकडा बघून पुन्हा एक्सेलमध्ये टाइप करतात! अहो, ती प्रत्येक खूण म्हणजे एक तयार नोंद आहे. तिला आयटम कोड, मजला, उंची, जाडी असे आपले रकाने जोडता येतात आणि सगळी यादी सीएसव्ही (एक्सेलला वाचता येणारी साधी फाइल) करून बाहेर काढता येते. मजल्यागणिक निघालेल्या या फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्या की एक्सेलमधलं डेटा जोडणारं साधन, पॉवर क्वेरी, अख्खा फोल्डर वाचते, ओळी एकाखाली एक लावते, आयटम कोडवरून रेटच्या तक्त्याशी जोडते आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट (आयटमवार क्वांटिटी आणि रकमेचा गोषवारा) हातात देते. ड्रॉइंग बदललं तर खूण सरकवायची, फाइल पुन्हा काढायची आणि रिफ्रेश करायचं. एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी डेटा टॅबमध्येच आहे, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

याचा खरा फायदा कुठे होतो ते प्लास्टरच्या क्षेत्रफळातून दारं-खिडक्या वजा करताना कळतं. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाच्या १२ व्या भागात नियम स्पष्ट आहे. ओपनिंग, म्हणजे दार-खिडकीची मोकळी जागा, ०.५ चौ.मी.पर्यंत असेल तर वजावट नाही. ०.५ ते ३ चौ.मी. असेल आणि दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट. ३ च्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा करायच्या, पण जांब, सॉफिट, सिल (ओपनिंगच्या बाजूच्या, वरच्या आणि खालच्या कडा) मोजून मिळवायचे. म्हणजे टॉयलेटचा ०.६ बाय ०.६ चा व्हेंटिलेटर ०.३६ भरतो, तो सोडून द्यायचा. १ बाय २.१ च्या बेडरूमच्या दाराची एक बाजू जाते. हॉल आणि डायनिंगमधलं २.४ बाय २.१ चं ओपनिंग ५.०४ भरतं, त्याच्या दोन्ही बाजू जातात. हा नियम एकेका ओपनिंगला लागतो, सगळ्यांच्या बेरजेला नाही. रात्री अकरा वाजता थकलेला मुलगा सगळी दारं-खिडक्या एकत्र करून एकदाच वजा करतो, आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. क्वेरीत ही अट एका रकान्यात एकदाच लिहायची. पहिल्या दाराला ती जशी लागते तशीच चारशेव्यालाही लागते. दोन्ही बाजूंचं प्लास्टर वेगळं असेल तिथे नियमही वेगळा आहे, आणि ती भिंत कुठली हे ड्रॉइंग वाचणाऱ्यालाच कळतं. ते त्याने खुणेच्या रकान्यात लिहावं. त्याचं शिक्षण त्या कामासाठी झालंय.

जुनी माणसं म्हणतात, हाताने मोजल्याशिवाय ड्रॉइंग डोक्यात बसत नाही. शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच मोजणं मी माणसाकडेच ठेवतो. उंची बीमखालची धरायची की स्लॅबखालची, कॉलमपाशी भिंत तोडायची की नाही, हे ठरवताना ड्रॉइंग डोक्यात बसतं. टाइप करताना बसत नाही.

डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. एका टेंडरला आमची आतल्या प्लास्टरची क्वांटिटी बरोबर दुप्पट आली. ड्रॉइंग ठीक, खुणाही ठीक. रेटच्या तक्त्यात एकच कोड दोन ओळींत पडला होता, एक जुना रेट आणि एक नवा. जोडताना क्वेरीने प्रत्येक मोजमापाच्या दोन ओळी केल्या. पकडलं आमच्या ज्येष्ठ साहेबांनी, नुसता आकडा बघून. "एवढ्या बिल्टअपला एवढं प्लास्टर होतंच नाही," म्हणाले. ती नजर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. तेव्हापासून रेटच्या तक्त्यात कोड एकेकदाच आहे ना हे आधी तपासतो. ज्या खुणांना रेट सापडलाच नाही त्यांची वेगळी यादी क्वेरीतल्या 'लेफ्ट अँटी जॉइन' या जोडणीने काढतो, कारण कोडमागे एक स्पेस राहिली किंवा कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला तरी जुळणी होत नाही आणि तो आयटम रेटशिवाय राहतो.

स्केलचंही तसंच. ए१ कागदासाठी १:१०० ला काढलेली शीट कुणी ए३ करून पाठवली की ती १:२०० होते, छापलेलं मात्र १:१०० च असतं. लांबी निम्मी येते, क्षेत्रफळ पाव. प्रत्येक शीट लिहिलेल्या मापावरून, आडवी आणि उभी दोन्हीकडून, कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे सॉफ्टवेअरला खरं स्केल दिल्याशिवाय, पहिली रेघ ओढू नये.

आरए बिलाच्या (चालू कामाच्या टप्प्याटप्प्याच्या बिलाच्या) वेळी क्लायंटचा माणूस विचारतो, तिसऱ्या मजल्याचं वीटकाम एवढं कसं? पूर्वी मेजरमेंट शीटवर "४ × ३.२५ × २.९" एवढंच असायचं. त्या चार भिंती कुठल्या, हे ज्याला माहीत तो नोकरी सोडून दुबईला गेलेला. आता पीडीएफ उघडून यादीला त्या मजल्याचा फिल्टर लावला की त्याच भिंती समोर दिसतात आणि वाद दहा मिनिटांत मिटतो.

आर्किटेक्टच्या ऑफिसमधल्या मंडळींना एक कळकळीची विनंती. कॅडमधून थेट काढलेली पीडीएफ पाठवा. प्रिंट काढून स्कॅन केलेली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको, त्यात मोजताना भिंतीचा कोपरा पकडला जात नाही. आणि रिव्हिजनमध्ये जिथे बदल केला तिथे क्लाउड (बदलाभोवतीची ढगासारखी रेघ) टाका. परवा आर३ (तिसरं रिव्हिजन) आला. फक्त एक डक्ट नऊ इंच सरकला होता. तो शोधायला आमच्या ज्युनिअर मुलीने दोन शीट एकावर एक ठेवून तासभर काढला. सापडल्यावर नवी क्वांटिटी काढायला तिला पाच मिनिटं लागली.