वाररेषा तारीख ठरवत नाही

एक फोटो पुन्हा फिरू लागला आहे. फिजीच्या तावेउनी बेटावर १८० अंशांच्या रेखावृत्ताची खूण दाखवणारा फलक आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय रोवून पर्यटक हसत उभा असतो. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: ‘याचा एक पाय कालमध्ये आहे, दुसरा आजमध्ये! १८८४ साली जगातल्या देशांनी करार करून ही रेषा आखली आणि जगाची तारीख इथेच ठरते. रेषा ओलांडून पूर्वेला गेलात की एक दिवस पुढे जाता, पश्चिमेला गेलात की एक दिवस मागे. म्हणजे वयही एका दिवसाने बदलतं. जगात २४ टाइम झोन आहेत, एका वेळी दोनच तारखा असतात आणि नवा दिवस सर्वांत आधी जपानमध्ये उगवतो.’

फोटो खरा आहे. मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. चुका किरकोळ असत्या तर मी गप्प बसलो असतो. पण एका मुळाशीच असलेल्या गैरसमजातून त्या सगळ्या फुटल्या आहेत. समुद्रात कुठेतरी एक रेषा आहे आणि ती तारीख ‘ठरवते’, असं मजकूर लिहिणाऱ्याने धरून चाललं आहे. प्रत्यक्षात उलट आहे. तारखा आधी ठरतात आणि रेषा मागाहून काढली जाते.

आधी फोटोचं बघू. १८० अंशांचं रेखावृत्त तावेउनीच्या जमिनीवरून जातं, हे बरोबर. पण त्या पर्यटकाच्या दोन्ही पायांखाली तारीख एकच आहे आणि घड्याळातली वेळही एकच. सगळ्या फिजीची प्रमाणवेळ एक आहे: यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १२ तास पुढे. एका बेटावर शेजारच्या दोन घरांत दोन वार चालावेत, हे कुणाच्याच सोयीचं नव्हतं. म्हणून नकाशावरची आंतरराष्ट्रीय वाररेषा फिजीला वळसा घालून पूर्वेकडून जाते. १८० अंशांचं रेखावृत्त आणि वाररेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे दाखवायला मजकुराने निवडलेल्या जागेहून चांगली जागा सापडणार नाही.

‘१८८४ साली करार झाला’ यात अर्धं सत्य आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले होते. ग्रीनिचचं रेखावृत्त शून्य मानावं या ठरावाला २२ मतं पडली, सान डोमिंगोने (आजचं डोमिनिकन रिपब्लिक) विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. रेखांश ग्रीनिचपासून पूर्वेला आणि पश्चिमेला १८० अंशांपर्यंत मोजावेत, हेही तिथेच ठरलं. एक जागतिक दिवस मानावा आणि तो ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू व्हावा असंही ठरलं, पण त्याच ठरावात स्थानिक वेळेला किंवा इतर प्रमाणवेळेला त्याची आडकाठी नसावी असं नमूद केलं होतं. वाररेषा कुठून जावी याचा ठराव त्या परिषदेत झाला नाही. तिला बांधून ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार आजही नाही.

मग तारीख ठरवतं कोण? ज्या त्या देशाचं सरकार. आमची घड्याळं यूटीसीच्या इतके तास पुढे किंवा मागे, एवढं ते ठरवतं, आणि तारीख त्यातून आपोआप निघते. सगळ्या देशांनी आपापलं ठरवून झालं की पॅसिफिकमध्ये दोन शेजाऱ्यांच्या तारखांमध्ये एक फट उरते. नकाशे काढणारे त्या फटीतून रेषा ओढतात. खुल्या समुद्रावर जहाजाचं घड्याळ आणि तारीख कधी बदलायची हा निर्णय कप्तानाचा असतो.

इतिहासात याचे पुरावे भरपूर आहेत. मनिला पूर्व रेखांश १२१च्या आसपास आहे, म्हणजे १८० अंशांच्या चांगलंच अलीकडे. तरीही १८४४ संपेपर्यंत तिथे अमेरिकेच्या बाजूची तारीख चालत होती. कारण स्पॅनिश लोक तिथे मेक्सिकोकडून, पॅसिफिक ओलांडून आले आणि आपला वार सोबत घेऊन आले. शेजारच्या मकावमध्ये पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून उलट बाजूने पोचले होते, त्यामुळे त्यांचा वार मनिलापेक्षा एकाने पुढे. हा फरक मिटवण्यासाठी फिलिपिन्समध्ये सोमवार ३० डिसेंबर १८४४ नंतर थेट बुधवार १ जानेवारी १८४५ उजाडला. अलास्काची गोष्ट नेमकी याच्या उलट. रशियन लोक सायबेरियाकडून तिथे गेले, म्हणून पश्चिम रेखांश १३५वरच्या सिटकातही आशियाचा वार चालायचा. १८६७ साली अमेरिकेने अलास्का विकत घेतल्यावर तिथे लागोपाठ दोन शुक्रवार आले. रेखावृत्त तारीख ठरवत असतं तर या दोन्ही गोष्टी घडल्याच नसत्या.

आणि हे काही जुन्या काळापुरतं नाही. किरिबाटी हा देश पूर्वी तारखेच्या दृष्टीने दुभंगलेला होता. राजधानी तारावाच्या कचेऱ्यांत सोमवार असताना पूर्वेकडच्या लाइन बेटांवर रविवार असायचा. १९९५ सुरू होताना सरकारने पूर्वेकडच्या बेटांच्या कॅलेंडरमधला एक दिवस गाळला आणि सगळा देश एका तारखेवर आणला. तेव्हापासून वाररेषा तिथे जवळजवळ पश्चिम रेखांश १५० पर्यंत, म्हणजे १८० अंशांपासून तीन हजार किलोमीटरांहून जास्त पूर्वेला फुगली आहे. सामोआने १८९२ साली अमेरिकी व्यापाराच्या सोयीसाठी ४ जुलै दोनदा साजरा केला होता. पुढे व्यापार न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी वाढला. सामोआत शुक्रवारी कामं चालू असताना तिकडे शनिवारची सुट्टी, आणि तिकडे सोमवारी बाजार उघडला की इकडे रविवार. म्हणून २०११ साली सामोआत गुरुवार २९ डिसेंबरनंतर शनिवार ३१ डिसेंबर आला. शेजारच्या अमेरिकन सामोआने आपली जुनी तारीख ठेवली. आज या दोन ठिकाणी घड्याळात वेळ तीच असते, वार मात्र वेगळा.

आता ‘एक दिवस पुढे, एक दिवस मागे’ या मुद्द्याकडे वळू. पहिली गोष्ट, दिशाच उलटी सांगितली आहे. वाररेषा पूर्वेकडे ओलांडली की तारीख एकाने मागे जाते, पश्चिमेकडे ओलांडली की एकाने पुढे. असं का, हे एकदा समजून घेतलं की पाठ करावं लागत नाही. समजा तुम्ही पूर्वेकडे निघालात. दर १५ अंशांना घड्याळ एक तास पुढे करत चाललात. प्रत्येक वेळी तुमचा त्या दिवसाचा एक तास ‘खर्ची’ पडतो, तुमचा दिवस २४ तासांपेक्षा थोडा तोकडा होतो. पूर्ण फेरी झाली की घड्याळ एकूण २४ तास पुढे गेलेलं असतं आणि घरी राहिलेल्या माणसापेक्षा तुम्ही एक मध्यरात्र जास्त मोजलेली असते. तो जादा मोजलेला दिवस वाररेषेवर परत करायचा. रेषा तुम्हाला काही देत नाही आणि तुमचं काही घेत नाही. वाटेत तासातासाने साचलेला हिशेब तिथे एका फटक्यात चुकता होतो.

हा हिशेब चौदाव्या शतकातल्या अबुल फिदा या भूगोलज्ञाला ठाऊक होता. पण तो अंगावर आल्यावर काय होतं, हे मॅजेलनच्या मोहिमेतल्या खलाशांनी अनुभवलं. ‘व्हिक्टोरिया’ हे जहाज पश्चिमेकडे जात जात पृथ्वीला वळसा घालून जुलै १५२२ मध्ये केप व्हर्डे बेटांशी आलं. जहाजावर बुधवार होता. किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांना कळलं की आज गुरुवार आहे. मोहिमेची रोजनिशी ठेवणारा पिगाफेटा चक्रावून गेला, कारण त्याने एकही दिवस न चुकवता नोंद केली होती. त्याची नोंद चुकली नव्हतीच. सूर्याच्या मागे मागे जात असल्यामुळे त्यांचा प्रत्येक दिवस सरासरी मिनिटभराहून थोडा जास्त लांबला होता. ही रोजची वाढ जवळजवळ तीन वर्षं साचत गेली आणि एक सूर्योदय कमी झाला. तासांत मोजलं तर त्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांइतकाच काळ काढला होता.

वयाच्या मुद्द्याचं उत्तर यातच आहे, तरी एक उदाहरण देतो. ऑकलंडहून सोमवारी रात्री ११ वाजता विमान निघालं आणि नऊ तासांनी होनोलुलूला उतरलं, तर तिथे सोमवारचेच सकाळचे १० वाजलेले असतील (न्यूझीलंडची हिवाळी वेळ धरून). कागदावर तुम्ही निघण्याच्या १३ तास आधी पोचलात. पण प्रवासात नऊ तासांची भूक लागली, नऊ तासांची दाढी वाढली. वयही नऊ तासांनीच वाढलं.

‘एका वेळी दोनच तारखा’ हे विधान सरळ गणिताने खोडता येतं, आणि मला स्वतःला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. घड्याळं यूटीसीच्या जास्तीत जास्त १४ तास पुढे (किरिबाटीची लाइन बेटं) आणि १२ तास मागे (बेकर आणि हाउलंड ही निर्मनुष्य बेटं) असू शकतात. हा पल्ला २६ तासांचा झाला, दिवस तर २४ तासांचाच. समजा लंडनमध्ये हिवाळ्यातल्या मंगळवारचे सकाळचे साडेदहा झाले आहेत. त्या क्षणी लाइन बेटांवरच्या किरितिमातीला बुधवार लागून अर्धा तास झालेला आहे, आणि अमेरिकन सामोआत सोमवार संपायला अजून अर्धा तास आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही एकाच वेळी. माणसांची वस्ती असलेल्या जागा घेतल्या तर हे रोज एक तास घडतं, निर्मनुष्य बेटं धरली तर दोन तास. आणि म्हणूनच कोणतीही एक तारीख पृथ्वीवर कुठे ना कुठे ५० तास जिवंत असते. खात्री करायची असेल तर फोनमधल्या जागतिक घड्याळात होनोलुलू आणि किरितिमाती एकाखाली एक टाका. तास, मिनिट, सगळं जुळेल. फक्त एकाखाली ‘आज’ असेल तेव्हा दुसऱ्याखाली ‘उद्या’ किंवा ‘काल’ असेल.

२४ टाइम झोनचं म्हणाल तर ती १५-१५ अंशांची नीटस फाळणी कागदावरची आहे. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, नेपाळची पावणेसहा, न्यूझीलंडच्या चॅटम बेटांची पावणेतेरा. चीन जवळजवळ ६० अंश रेखांशांवर पसरूनही एकच वेळ पाळतो. वापरातल्या वेगवेगळ्या प्रमाणवेळा तीसहून जास्त आहेत. रेषेच्या दोन बाजूंना नेमका २४ तासांचा फरक असतो, हेही सगळीकडे खरं नाही. बेरिंगच्या सामुद्रधुनीत रशियाचं मोठं डायोमीड आणि अमेरिकेचं छोटं डायोमीड ही बेटं चार किलोमीटरांहूनही कमी अंतरावर आहेत. त्यांच्या घड्याळांत फरक २१ तासांचा, उन्हाळ्यात २०.

जपानबद्दल एवढंच: तिथे मध्यरात्र होते तेव्हा लाइन बेटांवर नव्या दिवसाचे पहाटेचे पाच वाजलेले असतात. न्यूझीलंडमध्ये तीन. ‘उगवत्या सूर्याचा देश’ हे नाव चीनकडून पूर्वेला पाहताना पडलेलं आहे, त्याचा तारखेशी संबंध नाही.

शेवटी एक गोष्ट या मजकुराच्या बाजूने सांगितली पाहिजे. १८० अंशांची रेषाच खरी, असं मनापासून मानणारी माणसं आहेत. टोंगा हा देश १८० अंशांच्या पूर्वेला आहे, पण त्याने आपली वेळ यूटीसीच्या १३ तास पुढे ठेवली आहे. तिथल्या सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती लोकांचा पवित्र वार शनिवार. त्यांच्या मते १८० अंशांच्या हिशेबाने टोंगाचा वार एकाने पुढे गेलेला आहे, म्हणजे देशात ज्याला रविवार म्हणतात तोच खरा शनिवार. म्हणून ते रविवारी प्रार्थनेला जमतात. त्यांच्या श्रद्धेचा मी आदरच करतो. पण त्या दिवशी टोंगात कुणी पत्र लिहिलं, करारावर सही केली किंवा बाळाचा जन्म नोंदवला, तर कागदावर वार रविवारच पडतो.