सोन्या बोक्याच्या तपासण्या आणि आमची चूक: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री दवाखाना बंद करताना वाचला. लगेच तुम्हाला फोन केला, तुमच्या मांजराचे, सोन्याचे, रिपोर्ट इथे मांडले तर चालतील का ते विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात म्हणून सविस्तर लिहितेय. तुमच्या तक्रारी चार आहेत. फोनवर आमच्याकडच्या मुलीने 'केसांचा गोळा असेल, दोन दिवस बघा' असं सांगितलं. आल्यावर सव्वा तास बसावं लागलं. चार दिवस शी झाली नाही, एवढ्यासाठी रक्त, लघवी, एक्स-रे करून ४,८५० रुपयांचं बिल केलं. आणि मेडिकलमधून तुम्ही आणलेला एनिमा द्यायला मी नकार दिला.

पहिली तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि चूक माझी आहे. १३ वर्षांचं मांजर उलट्या करतंय, दोन दिवसांत जेमतेम चार घास खाल्लेत, हे ऐकल्यावर फोनवर केसांच्या गोळ्याचं नाव निघायलाच नको होतं. त्या मुलीला मी बोल लावणार नाही. काय विचारायचं याचा साधा कागदसुद्धा मी तिच्या हातात दिला नव्हता. आता तो फोनशेजारी चिकटवलाय: वय किती, शेवटचं कधी खाल्लं, शी कधी झाली, लघवी कधी झाली, उलट्या किती. मांजर दहा वर्षांच्या वरचं असेल आणि खात नसेल, तर त्याच दिवशी घेऊन या, एवढंच उत्तर जाईल. तुमचे दोन दिवस आमच्यामुळे वाया गेले, त्याबद्दल मनापासून माफी मागते. सोन्याच्या एका रात्रीच्या भरतीचे ९०० रुपये परत करतेय.

सव्वा तासाचं कारण म्हणजे गाडीखाली आलेला एक कुत्रा टेबलावर होता. पण बाहेर येऊन तुम्हाला तसं कुणी सांगितलं नाही, तेही चुकलंच.

तपासण्यांबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. का, ते सांगते. घरात म्हातारं मांजर असलेले इतर लोकही हे वाचतील.

सोन्याला टेबलावर घेतलं आणि आधी वजन केलं. ३.९ किलो. दोन वर्षांपूर्वी लसीला आला होता तेव्हाचं आमच्या कार्डावर ५.१ आहे. जवळजवळ पाव मांजर कमी झालं होतं, आणि लांब केसांमुळे घरात कुणाच्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. हिरड्यांना बोट लावलं तर चिकट, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. पोटावर हात ठेवला तर मोठ्या आतड्यात खड्यांची माळच लागत होती. मी त्याचं तोंड उघडून जीभ वर केली तेव्हा तुम्ही 'तोंडात काय बघताय?' असं विचारलंत. मांजराने दोरा गिळला तर त्याचं एक टोक कधीकधी जिभेखाली अडकतं आणि दुसरं आतड्यात जातं. उलट्या करणाऱ्या मांजराची जीभ मी दरवेळी उचलून बघते.

मग तुमच्या आई सहज बोलून गेल्या की दिवाळीपासून तो बाथरूमच्या बादलीतलं पाणी पितो आणि ट्रेमधल्या वाळूचे गोळे पूर्वीपेक्षा मोठे निघतात. घरात सगळ्यांना वाटलं, पाणी पितोय म्हणजे चांगलंच आहे. त्या एका वाक्यावरून मी रक्त आणि लघवी तपासायला घेतली. ताई, म्हाताऱ्या मांजराची शी अडकते तेव्हा खरं कारण बऱ्याचदा आतड्याच्या बाहेर असतं. मूत्रपिंडं थकली की लघवी घट्ट करता येत नाही, पाणी वाहून जातं. कितीही प्यायलं तरी अंगाला पुरत नाही. मग शरीर मोठ्या आतड्यातल्या शीतून पाणी ओढून घेतं आणि मागे खडे राहतात. सोन्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, ३.४ आलं. मांजरात ते साधारण १.६ च्या आत असावं लागतं. लघवीची घनता, म्हणजे ती पाण्यापेक्षा किती घट्ट आहे ते, १.०१४ होती. ज्याच्या अंगात पाणी कमी पडलंय अशा मांजराची मूत्रपिंडं चांगली असतील तर ती १.०३५ च्या वर जायला हवी. पोटॅशियमही कमी होतं आणि ते कमी झालं की आतड्याचे स्नायू ढिले पडतात. त्याच रक्तातून थायरॉइडही पाहिलं, कारण मोठ्या वयाच्या मांजरात वजन घटण्याचं आणि उलट्यांचं तेही एक नेहमीचं कारण आहे. सुदैवाने ते ठीक निघालं.

हे काही न बघता नुसती शी काढून घरी पाठवलं असतं, तर आठवडाभरात तुम्ही पुन्हा तिथेच आला असता, आणि सोन्या त्याहून सुकलेला असता.

आता एनिमा. तुम्ही आणलेली बाटली माणसांसाठीची होती, सोडियम फॉस्फेटची. माणसांना डॉक्टर ती सर्रास देतात, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. पण मांजराच्या रक्तात त्यातलं फॉस्फेट एकदम चढतं, कॅल्शियम कोसळतं, झटके येतात. धडधाकट मांजरही त्याने दगावू शकतं. मूत्रपिंडं फॉस्फेट बाहेर टाकू शकत नसलेल्या सोन्याला ती दिली असती तर मी त्याला घालवून बसले असते. म्हणून रात्रभर सलाइन लावून आधी अंगात पाणी भरलं, पोटॅशियम सुधारलं आणि दुसऱ्या दिवशी गुंगी देऊन कोमट पाण्याने हळूहळू खडे मोकळे केले. हे आदल्या संध्याकाळी उरकता आलं नसतं.

आईंनी दुधातून थोडं एरंडेल दिलं होतं आणि ते सांगताना त्या फार ओशाळल्या होत्या. त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडे घरोघरी पोटाला एरंडेलच देतात. फक्त इथून पुढे सोन्याच्या तोंडात कुठलंही तेल किंवा लिक्विड पॅराफिन ओतू नका. उलटी करणारं मांजर ते फुप्फुसात ओढून घेतं. दूधही नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. मांदेली उकडून देता ती चालेल, पण काटे काढून आणि घरच्या कालवणातली नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात.

इतर वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, कण्हतोय आणि काहीच होत नाहीये, तर शी अडकली असं धरून चालू नका. लघवी अडकलेली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो, म्हणून रात्र असली तरी न्या. आणि थोडी पातळ शी दिसली म्हणून जुलाब समजून शी बांधणारं औषध देऊ नका. अडकलेल्या खड्यांच्या बाजूनेही तसं पाणी झिरपतं.

बिलाबद्दल एक गोष्ट मान्य करते. तपासण्या सुरू करण्याआधी अंदाजी खर्च कागदावर लिहून तुमच्या हातात द्यायला हवा होता. तोंडी सांगितला होता, पण आजारी मांजर मांडीवर असताना तो कुणाच्या लक्षात राहणार? सोमवारपासून लेखी देतोय. काय आत्ताच करायला हवं आणि काय महिनाभर थांबू शकतं, तेही त्यात वेगळं लिहिलेलं असेल.

सोन्याचा ट्रे बदलायचं मात्र विसरू नका. तुमच्या फोटोतल्या ट्रेची कड उंच आहे आणि त्याचे मागचे गुडघे दुखतात. उडी मारायला नको म्हणून तो शी धरून ठेवतो. एका बाजूने तीन बोटं उंचीची कड पुरे.

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता तुम्हाला पहिला नंबर ठेवलाय, थांबावं लागणार नाही. अंगात पाणी भरल्यावर क्रिएटिनिन पुन्हा बघायचंय, त्याशिवाय मूत्रपिंडाचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवता येत नाही. रक्तदाबही घेऊ. त्याला उपाशी आणू नका, सकाळचं खाऊ घालूनच आणा. आईंना जमलं तर त्यांनाही आणा, पाण्याबद्दल मला त्यांनाच विचारायचंय. आणि शनिवारच्या आत त्याने पूर्ण एक दिवस तोंडाला काही लावलं नाही, तर वाट न बघता थेट माझ्या नंबरवर फोन करा. तो तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर पेनाने लिहिलाय.